गाळलेली तीन वाक्यं

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. मेधालाही नाही. मेधा म्हणजे माझी बायको, जिच्यापासून मला साधी सिगरेटसुद्धा कधी दोन दिवस लपवता आली नाही. आईला नाही. ज्याला सांगायला हवं होतं, त्याला सांगायची वेळच आली नाही – कारण मी सांगायच्या आधीच त्याला ते ठाऊक झालेलं होतं.

मग तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. किंवा वय झालं, म्हणून. तरुणपणी माणसाच्या पोटात काहीही मावतं. आता मावत नाही, एवढंच.

आधी थोडं माझ्याबद्दल सांगावं लागेल, नाहीतर तुम्हाला कळायचं नाही की हे पाप नेमकं माझ्याच हातून का घडलं. मी नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरीत राहतो. इथल्या मराठी लोकांत माझा एक मान आहे – मी दाखल्यांची भाषांतरं करून देतो. ग्रीन कार्डाचा अर्ज करायचा म्हणजे जन्मदाखला इंग्रजीत लागतो, आणि आपल्या लोकांचे दाखले कुठले? कोणाचा बार्शी नगरपालिकेचा, कोणाचा ग्रामपंचायतीचा, त्यावर शिक्का असा की खालचं नाव वाचायला भिंग लागावं. भाषांतराला वकील लागत नाही, परीक्षा पास व्हावी लागत नाही. दोन्ही भाषा येणारा कोणीही करू शकतो. फक्त खाली एक वाक्य लिहून सही करायची – मला दोन्ही भाषा उत्तम येतात, आणि हे भाषांतर खरं व अचूक आहे.

खरं व अचूक. मला त्या वाक्याचा केवढा अभिमान होता म्हणून सांगू! ‘चि. सौ. कां.’ला इंग्रजीत काय म्हणायचं, यावर मी एक अख्खा शनिवार घालवलाय. लोक चिवडा घेऊन यायचे, दाखले ठेवून जायचे, आणि मी केलेलं कोणी वाचून बघायचं नाही. बंडूनं केलंय ना, मग झालं तर. म्हणजे लोक ‘देशमुखांनी केलंय’ म्हणायचे. बंडू हे माझं घरातलं नाव. कॅरीत मला बंडू म्हणणारा एकच माणूस होता – विलास.

विलास सोलापूरचा. सांगलीला इंजिनिअरिंगला चार वर्षं आम्ही एका खोलीत काढली. त्याचे वडील सूतगिरणीत होते, युनियनचे माणूस. घरात लाल झेंडा आणि गणपती एकाच कोनाड्यात, आणि दोघांचं एकमेकांशी कधी वाकडं नाही. विलास स्वतः राजकारणातला नव्हता. पण खोटं बोलताना त्याची मान खाली जायची, तेही इतकी की मास्तरांना विचारावंच लागायचं नाही. मी त्याला त्यावरून फार चिडवायचो. म्हणायचो, लेका, तुझं या जगात कसं व्हायचं?

अठ्ठ्याण्णव साली मला डेन्मार्कमध्ये नोकरी लागली. आरहूस नावाचं गाव, समुद्राकाठचं. पहिले तीन महिने मी पाव आणि दही खाऊन काढले. भाषा येईना, संध्याकाळी चारला अंधार, आणि जेवायला बाहेर जावं तर पगार तिथेच संपायचा. एक दिवस ऑफिसमधून येताना एका तळघरातून डाळ शिजल्याचा वास आला. मी शपथेवर सांगतो, पाय आपोआप वळले. आत लांब बाकं, पन्नासेक माणसं, मोठाल्या पातेल्यांत वाटाण्याचं सूप. म्हातारे, पोरंटोरं, बंदरावर काम करणारे, एक जण तर चक्क प्रोफेसर. सगळ्यांनी आळीपाळीनं स्वयंपाक करायचा, सगळ्यांनी भांडी घासायची. कारेन नावाच्या एका निवृत्त नर्सबाईनं मला खुणेनं बसवलं आणि वाढलं. दुसऱ्या आठवड्यात तिनं एक कागद पुढे केला आणि इंग्रजीत विचारलं, मेंबर होणार का?

आता तुम्हीच सांगा – आपल्याकडे शिकायला बाहेरगावी राहिलेल्या माणसाला ‘मेंबर’ म्हटल्यावर काय आठवतं? मेस! दोन वेळचं जेवण, रविवारी फीस्ट, महिन्याचं कार्ड. मी आनंदानं सही ठोकली. आरहूसमध्ये मेस मिळाली म्हणून त्या दिवशी मी घरी फोनसुद्धा केला.

तो एक राजकीय पक्ष होता, हे मला पंधरा दिवसांनी कळलं. नाव सांगत नाही, पण डाव्यांतला डावा. भिंतीवरची लाल पोस्टरं मी सजावट समजत होतो, काय म्हणावं! त्यांची तिथल्या संसदेत माणसं होती, निवडणुका लढवायचे, लपूनछपून काही नाही. कारेनला मी माझी मेसची गोष्ट सांगितली तेव्हा ती इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. मग म्हणाली, नाव काढून टाकू का? आणि मी नको म्हणालो.

हे ‘नको’ नीट ऐका. इथपर्यंत चूक होती, इथून पुढे नव्हती. मी तिथे राहिलो, कारण मला ती माणसं आवडली. फार आवडली. तासन् तास वाद घालायची, प्रत्येक गोष्टीला हात वर करून मतदान. सुपात डुकराचं मांस घालायचं की नाही यावर दीड तास चर्चा झाली, कारण एक हिंदुस्थानी शाकाहारी आहे. शेवटी ठराव पास झाला – दर गुरुवारी एक पातेलं वेगळं. माझ्यासाठी! घरमालकानं मला भर थंडीत खोली सोडायला सांगितली, तेव्हा कारेन आणि चार जण सायकली घेऊन आले आणि माझं सगळं सामान सायकलींवरून तिच्या घरी नेलं. तिच्याकडे मी दीड महिना राहिलो. कोणी एका शब्दानं उपकार बोलून दाखवले नाहीत. एक मेच्या मोर्च्यात फलकाची एक काठी माझ्या हातात होती. मला लाज नव्हती वाटत. उलट छाती फुगली होती, खरं सांगायचं तर.

त्याच दिवसांत विलासलाही त्याच कंपनीत घेतलं. तो सोलापुरात, व्हिसाची वाट बघत, त्यांच्याकडे ईमेल कुठली तेव्हा. मी त्याला एक पत्र लिहिलं, निळं हवाई पत्र. त्यात थंडीचं होतं, गरम बनियन आणायचं होतं, शेंगाचटणी दोन किलो आण असं होतं. आणि मध्ये तीन वाक्यं होती. ती मला पाठ आहेत. ‘इथे एका लाल पक्षाची मेस आहे, माणसं सोन्यासारखी. मी त्यांचा मेंबर झालोय. तुझंही नाव मी परस्पर घालून टाकलंय, तुला काय विचारायचं!’

खाली – तुझा बंडू. पत्राच्या मागे, पाठवणाऱ्याच्या जागी, माझं पूर्ण नाव इंग्रजीत.

विलास आला तेव्हा त्याचं कार्ड तयारच होतं. त्यानं ते पाहिलं, हसला, आणि खिशात ठेवलं. आम्ही दोघांनी मिळून पन्नास डॅनिश माणसांना पिठलं खाऊ घातलं, काळ्या पावाबरोबर. दोन वर्षं अशी गेली. माझ्या आयुष्यातली चांगली वर्षं, हे मेधाला सांगता येत नाही, पण आहे ते आहे.

दोन हजार एकमध्ये आम्ही दोघं अमेरिकेत आलो, एका वर्षात, एकाच गावात. आणि त्या वर्षी इथे जे झालं, ते तुम्हाला माहीत आहे. त्यानंतर आपल्या लोकांचं बोलणं हळू झालं. विमानतळावर सगळे इस्त्रीचे शर्ट घालून जायला लागले. कोणाच्या तोंडावर ‘माझं चुकलं’ असा भाव, तोही चूक नसताना. माझ्याकडे त्या पक्षाचं कार्ड होतं, ते मी एका रविवारी कात्रीनं बारीक बारीक कापलं. कारेनची पत्रं यायची नाताळाला. मी उत्तर लिहिणं बंद केलं. दोन वर्षांनी तीही बंद झाली.

मग ग्रीन कार्डाचा अर्ज. त्यात एक प्रश्न असतो – तुम्ही कधी कम्युनिस्ट किंवा तशा एखाद्या पक्षाचे सभासद होता का? एक चौकोन ‘होय’चा, एक ‘नाही’चा. कोणी म्हणेल, तो पक्ष त्या प्रश्नात बसतच नाही, तिथल्या संसदेतला साधा कायदेशीर पक्ष. असेलही. मग मला तसं लिहिता आलं असतं ना? वकिलाला विचारता आलं असतं. मी कोणाला विचारलं नाही. ‘नाही’वर खूण केली, आणि दोन हजार पाचमध्ये माझं कार्ड आलं. मेधानं श्रीखंड केलं होतं.

हा माझा गुन्हा नव्हे. म्हणजे – हाही आहेच. पण एवढाच असता तर मी तुम्हाला बसवून घेऊन सांगितला नसता. असं खोटं पुष्कळ लोक लिहितात आणि सुखानं झोपतात.

पुढच्या वर्षी विलासचा अर्ज होता. तो फॉर्म घेऊन माझ्याकडेच आला, दुसरीकडे कुठे जाणार? आमच्या स्वयंपाकघरात उभा राहून, चहा फुंकत, तो त्या प्रश्नाशी आला आणि अगदी सहज म्हणाला, “तू ‘होय’ लिहूनही तुझं झालंच की बंडू. मग माझंही होईल.”

त्यानं विचारलं नाही. प्रश्नच नव्हता तो. त्याच्या डोक्यात दुसरी शक्यता नव्हतीच – बंडूनं ‘होय’ लिहिलं असणार, कारण खरं तेच होतं. मी काय करायला हवं होतं? एवढंच म्हणायचं होतं, अरे थांब, मी ‘नाही’ लिहिलंय, तू वकिलाला विचार. एक वाक्य. मेधा शेजारी कांदा चिरत होती. मी म्हणालो, “साखर देऊ का अजून?”

त्यानं ‘होय’वर खूण केली. माझ्याच पेनानं, माझ्याच ओट्यावर.

आता मुक्ताबद्दल सांगावं लागेल. मुक्ता म्हणजे विलासची मुलगी, तेव्हा पाच वर्षांची. जन्मापासून तिला ऐकू येत नव्हतं. इथे तिच्या कानाचं ऑपरेशन झालं, आत यंत्र बसवलं, आणि शाळेत तिला रोज बोलायला शिकवायला एक बाई होत्या. त्या बाईंनी सांगितलं, घरात एकच भाषा बोला, दोन भाषांनी तिचा गोंधळ होईल. तेव्हा असंच सांगायचे. म्हणून विलास आणि सुनीता, त्याची बायको, घरात पोरीशी फक्त इंग्रजी बोलायचे. सुनीता मराठी शाळेत शिकलेली, तिचं इंग्रजी म्हणजे – आम्ही हसायचो. पण ती बाई त्या पोरीसाठी ‘प्लीज इट युवर भात’पासून सुरुवात करून दोन वर्षांत वाक्यं नीट बोलायला लागली. आणि मुक्ता? पहिल्यांदा ती ‘वॉटर’ म्हणाली, तेव्हा विलासनं मला ऑफिसात फोन केला आणि तोच शब्द तीन वेळा म्हणून दाखवला.

म्हणून त्याला इथे राहायचं होतं. गाडीसाठी नाही, घरासाठी नाही. ती शाळा, त्या बाई, आणि अजून चार-पाच वर्षं. दुसरं काहीच नाही.

अर्जाला उत्तर आलं – त्या पक्षाबद्दल खुलासा करा. कसे सभासद झालात, का झालात, कधी सोडलंत, पुरावा असेल तर जोडा. विलास अजिबात घाबरला नाही. त्यानं स्वच्छ लिहून दिलं की माझ्या मित्रानं मला न विचारता, मी तिथे पोचायच्याही आधी, माझं नाव घातलं. मी ते पुढे जेवणासाठी आणि माणसांसाठी चालू ठेवलं, देश सोडला तेव्हा तेही सुटलं. त्याला भावाकरवी सोलापूरहून ते निळं पत्र मिळालं होतं. सुनीतानं लग्नाच्या बस्त्यात ठेवलं होतं म्हणे. खुलाशासाठी केलेला वकील म्हणाला, उत्तम पुरावा, याचं भाषांतर करून आणा.

आणि तो ते माझ्याकडे घेऊन आला. “तुझंच पत्र आहे,” म्हणाला, “तुझ्यापेक्षा बरं कोण करणार?”

मी त्याला म्हटलं, शनिवारी घेऊन जा.

मी तुम्हाला इथपर्यंत आणलंय आणि आता माझी जीभ अडखळते, बघा. उगाच पत्राच्या निळ्या रंगाबद्दल वगैरे बोलावंसं वाटतं. नको. सरळ सांगतो.

मी टेबलाशी बसलो आणि पत्राचं भाषांतर केलं. थंडीचं केलं. बनियनचं केलं. शेंगाचटणीला काय म्हणावं याचा विचारसुद्धा केला, हो, तेवढी अक्कल शाबूत होती. आणि मधल्या तीन वाक्यांच्या जागी एक वाक्य लिहिलं – इथे एक चांगली खाणावळ सापडली आहे, तुलाही आवडेल. बस. पक्ष नाही. मेंबर नाही. तुझं नाव मी घातलं, हे नाही. पत्राच्या मागचं नाव मी भाषांतरात घेतलंच नाही, मागच्या बाजूची झेरॉक्सही जोडली नाही. खाली ते वाक्य लिहिलं, हे भाषांतर खरं व अचूक आहे, आणि सही केली. माझी सही वळणदार आहे. लोक नेहमी कौतुक करतात.

मनाला काय सांगितलं होतं? सांगितलं होतं की तेवढ्यानं त्याचं काही बिघडत नाही. खुलासा त्यानं दिलाच आहे, पत्र म्हणजे जोड. आणि माझं नाव तिथे गेलं असतं तर? कोणीतरी माझा अर्ज काढून बघितला असता तर? माझी नोकरी, मेधा, मुलाची शाळा. माझा मुलगाही तेव्हा पाच वर्षांचाच होता, आणि त्याला दोन्ही कानांनी ऐकू येत होतं. मी हे सगळं तेव्हा मोजलं, आणि माझं जड निघालं. आपलं नेहमी जड निघतं.

विलासनं शनिवारी पाकीट नेलं. उघडून बघितलंही नाही. बंडूनं केलंय ना.

वकिलानं आपल्या परीनं बरंच लिहिलं असेल. पण कागद बघणाऱ्या माणसासमोर काय होतं? विलास लिहितो, मित्रानं नाव घातलं, सोबत मित्राचं पत्र. आणि पत्रात काय? बनियन आणि खाणावळ. म्हणजे विलासच खोटा पडला. ज्याची खोटं बोलताना मान खाली जायची, तो कागदोपत्री खोटारडा झाला, आणि तेही माझ्या सहीनं.

दीड वर्ष फाइल पडून राहिली. दोन हजार आठच्या वसंतात नकार आला. त्यात लिहिलं होतं की अर्जदारानं जोडलेला पुरावाच अर्जदाराच्या म्हणण्याला आधार देत नाही. हे मला विलासनं सांगितलं, फोनवर. म्हणाला, “बंडू, नकार आला.” मग ते वाक्य इंग्रजीत वाचून दाखवलं, सावकाश. फोनमधून मागे मुक्ताचा आवाज येत होता, ती कोणाला तरी चपला काढायला सांगत होती. शेवटी तो म्हणाला, ठेवतो.

त्या दिवशी त्यानं ते पाकीट काढून माझं भाषांतर वाचलं असणार. वाचलंच. कारण त्यानंतर सुनीता माझ्याशी बोलली नाही. मेधाशी बोलायची, हळदीकुंकवाला यायची, मी खोलीत आलो की पर्स उचलायची. मेधा म्हणायची, बिचारी टेन्शनमध्ये आहे. मी म्हणायचो, हो ना.

आणि आता ती गोष्ट, जी मला सगळ्यात जास्त खाते. विलासला लढता आलं असतं. पत्र तर होतंच. दुसऱ्या कोणाही मराठी माणसाकडून ती तीन वाक्यं भाषांतरित करून घ्यायची, आणि आधीचं भाषांतर खोटं होतं असं लिहून द्यायचं. वकील त्याच्या मागेच लागला होता, हे मला नंतर दुसऱ्यांकडून कळलं. विलासनं नाही म्हणून सांगितलं. का, ते त्यानं वकिलाला सांगितलं नाही. मला सांगितलं नाही. पण मला कळतं हो. आधीचं भाषांतर कोणी केलं, हे विचारलं गेलं असतं. मग त्या बंडूनं स्वतःच्या अर्जात काय लिहिलंय, हेही बघितलं गेलं असतं. त्याच्यासमोर दोन पोरं होती, त्याची आणि माझी. त्यानंही मोजलं असणार. मला वाटतं, त्या तळघरात तो खरा मेंबर झाला होता, मी नव्हतो झालो.

ऑगस्टात ते निघाले. सोलापूरला. जिथे मुक्ताची भाषा बोलणारं घरात कोणी नव्हतं – आजी मराठी, आजोबा मराठी, गल्ली मराठी, आणि सात वर्षांची ती इंग्रजी सोडून काही न समजणारी. पुन्हा पहिल्यापासून.

जायच्या आधीच्या शनिवारी सकाळी विलास माझ्याकडे आला. हातात मुक्ताच्या शाळेचा अहवाल, चार पानी. तिकडच्या बाईंना दाखवायला मराठीत हवा होता. सोलापुरात करून घेता आला असता, नाही का? तो माझ्याकडे आला. “करून देशील?” म्हणाला. मी म्हटलं, संध्याकाळपर्यंत देतो. तो म्हणाला, “बसतो मी.”

बसला. मी टेबलाच्या या बाजूला लिहीत होतो, तो त्या बाजूला हातावर हात ठेवून. मेधानं दोनदा चहा दिला. तीन तास लागले. मी एकेक शब्द तपासत होतो. झाल्यावर मी सही केली आणि कागद त्याच्यापुढे सरकवले.

त्यानं खिशातून चष्मा काढला. डाव्या हाताला इंग्रजी ठेवलं, उजव्या हाताला माझं मराठी, आणि वाचायला लागला. एक ओळ इकडची, एक ओळ तिकडची, दोन्हीकडे बोट ठेवून. तिसऱ्या पानावर बोट थांबलं. इंग्रजीत होतं की मुक्ता आता तीन शब्दांची वाक्यं बोलते. मी लिहिलं होतं, मुक्ता आता तीन शब्द बोलते. एवढं तपासूनही. अगदी खरी चूक, मी कशाचीही शपथ घ्यायला तयार आहे. त्यानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ, आणि मला दिसलं की तो ठरवू शकत नाहीये. चूक आहे की मुद्दाम आहे, हे त्याला ठरवता येत नव्हतं.

मी म्हणालो, चुकलं रे.

त्यानं हात पुढे करून माझं पेन मागून घेतलं, तो शब्द स्वतः दुरुस्त केला, आणि पुढच्या ओळीवर बोट ठेवलं.